व इतर दोन

तिकिटावर नावं लिहायला पाच ओळी होत्या. प्रवासी आम्ही तिघं होतो. साहेबांनी पाचही ओळी भरल्या, आणि तरी त्यात एकच माणूस मावला.

हे जर्मनीत घडलं आणि त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात मी ही हकिकत चंद्रपुरात चारचौघांत गमतीची म्हणून सांगत आलो. लोक हसले. मीही हसलो, कारण सांगताना मी तिकीट तपासनीस बाईपाशी येऊन थांबत असे. पुढचं सांगायला लागलं की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की घरचे पाण्याचा पेला आणून ठेवतात. म्हणून लिहितो. कागद कुणाला पाणी आणायला पाठवत नाही.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर ते इंग्रजी गंजत पडलं होतं. तेवढ्यात गडचिरोलीतल्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, की जंगलात राहणाऱ्या लोकांची एक परिषद जर्मनीत भरते आहे, आपल्याकडच्या एका गावाला बोलावणं आहे, गावाने एका बाईंना निवडलंय, त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून जाल का? मी हो म्हटलं. तोवर शिष्टमंडळ दोघांचं होतं. मग गावाचं पत्र परवानगीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं आणि परवानगीच्या बरोबर तिथले अधिकारीसाहेब आले. गावाने त्यांना बोलावलं नव्हतं, परिषदेनेही नाही. पण शिष्टमंडळ म्हटलं की त्याला प्रमुख लागतो, असं त्यांनीच स्वतःच्या सहीने कळवलं.

बाई पन्नाशीच्या. आरमोरीहून आत, जंगलाच्या कुशीत त्यांचं गाव. घरी गोंडी बोलतात, बाहेर आमची झाडीबोली. त्यांच्या गावाला स्वतःच्या बांबूवर हक्क मिळालाय, तोडही गावच करतं आणि विक्रीही. त्या गावाची एक रीत आहे, ती इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावाचून काही कळणार नाही. ग्रामसभेत तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळे बसतात आणि बोलतात. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव होत नाही. मग पुन्हा बसायचं. कधी कधी एका ठरावाला तीन बैठका लागतात. साहेबलोक या रीतीला मागासलेपणा म्हणतात आणि परिषदांमध्ये तिच्यावर भाषणं करतात.

बाईंना गावाने चार प्रश्न देऊन पाठवलं होतं. परिषद पाच दिवसांची, पण गावाला परिषदेत रस नव्हता. गावाला रस होता एका दुसऱ्या गावात. परिषदेच्या शहरापासून पावणेदोन तासांवर एक खेडं होतं. तिथलं जंगल कैक पिढ्यांपासून गावाच्या मालकीचं. झाडं गावकरी तोडतात, ओंडक्यावर गावाचा शिक्का मारतात आणि आपल्या आवारात विकतात. त्या जंगलाची देखरेख करणारे म्हातारबाबा आम्हाला भेटायला तयार झाले होते. वेळ ठरली शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, अकरा ते एक. एकला त्यांना तोडीच्या जागी जायचं होतं. शनिवारी आमचं विमान.

म्हणजे दोन तास आणि चार प्रश्न. त्यासाठी एक बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती आणि आठ दिवसांचं धानाचं काम जावेवर सोपवून आली होती. चारही प्रश्न त्यांना पाठ होते. कुठलं झाड तोडायचं नाही हे कोण ठरवतं? व्यापारी एकटाच आला तर भाव कसा धरता? बायांची मजुरी कुणाच्या हातात जाते? आणि वणवा लागला तर विझवायला कोण धावतं? परिषदेच्या चहाच्या सुट्टीत त्या ओठातल्या ओठात ते म्हणून बघत. मी एकदा म्हटलं, बाई, लिहून देऊ का? त्या म्हणाल्या, लिहिलेलं हरवते.

गुरुवारी संध्याकाळी मी स्टेशनवर जाऊन तिकिटाचा अभ्यास केला. तिथे तिकीट खिडकी शोधावी लागते आणि यंत्रं मात्र पावलापावलावर. यंत्राला हात लावला की ते आधी भाषा विचारतं, झेंड्यांच्या रांगेतून निवडायची. मग प्रश्नांची सरबत्ती. कुठे, केव्हा, किती जण, जलद गाडीने की साध्या. तीन मार्ग निघाले. जलद गाडीने पन्नास मिनिटांत पोचवणारं तिकीट होतं. साध्या गाडीचं माणशी जाण्यायेण्याचं होतं. आणि तिसरं, मला आवडलेलं, दिवसभराचं सामाईक तिकीट: त्या सबंध प्रांतात साध्या गाड्यांनी कुठेही जा, कितीदाही चढा-उतरा, एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच माणसं. अट दोनच. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी चालत नाही. आणि प्रवास सुरू होण्याआधी प्रत्येक प्रवाशाचं नाव तिकिटावर लिहिलेलं पाहिजे.

नऊ वाजून आठ मिनिटांची साधी गाडी होती, ती दहा अठ्ठेचाळीसला पोचत होती. चालत पंधरा मिनिटं. अकराला तीन मिनिटं उशीर, तेवढा कुठलाही म्हातारा सहन करतो.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हॉटेलच्या बैठकीत परिषदेचा बिल्ला गळ्यात घालून बसले होते. तो बिल्ला त्यांनी पाच दिवसांत काढलेला मी पाहिला नाही. साधी गाडी म्हणताच त्यांचा चेहरा पडला. म्हणजे पॅसेंजर? असं त्यांनी विचारलं, जणू मी त्यांना बैलगाडी सुचवली होती. साहेबांच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे एकटं वडसा, आणि गडचिरोलीपर्यंत रूळ येणार हे मी केस काळे होते तेव्हापासून ऐकतो आहे. ज्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक माणसांना गाडी पकडायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, त्या जिल्ह्याचा अधिकारी परदेशात पॅसेंजरला नाक मुरडतो. जलद गाडी काढायची तर ती साडेनऊला आपल्याला तिथे टाकेल आणि दीड तास आपण स्टेशनवर बसू, एवढंच मी म्हटलं. ते म्हणाले, प्रोटोकॉलचा प्रश्न आहे.

मग मी, काही वाईट हेतूने नव्हे, सहज म्हणालो, की सामाईक तिकिटावर नावं लिहायला जागा असते.

साहेब जरा पुढे झुकले. नाव छापून येतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाताने लिहायचं असतं. क्षणभर विचार करून ते म्हणाले की तेच घेऊ. स्थानिक लोकांसारखा प्रवास केला पाहिजे, त्याशिवाय देश कळत नाही.

शुक्रवारी सकाळी यंत्रातून तिकीट निघालं, तिघांसाठीचं. मी पेन काढलं. साहेबांनी हात पुढे केला आणि तिकीट घेतलं. शिष्टमंडळाची कागदपत्रं प्रमुखाकडे असतात. फलाटावरच्या बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन ते लिहायला बसले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. पहिल्या ओळीत नाव, वडिलांच्या नावासह. दुसऱ्या ओळीत पदव्या. तिसरीत पद. चौथीत खातं आणि जिल्हा. पाचवीत, जागा उरली तेवढीच म्हणून बारीक अक्षरात: व इतर दोन. ते अर्थात इंग्रजीत लिहिलं, पण मला ते मराठीतच वाचता आलं. कारण मी हे आयुष्यभर वाचत आलोय. निमंत्रणपत्रिकेवर, बातमीत, सरकारी आदेशात. चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना एक प्रवासी निवारा आहे. त्याच्या भिंतीत संगमरवरी कोनशिला आहे आणि तिच्यावर अकरा नावं, पदांसकट. एसटी तिथे थांबत नाही. ती थोडी पुढे, मोरीपाशी थांबते, म्हणून माणसं मोरीवर उन्हात उभी असतात आणि निवाऱ्यात त्या अकरा नावांना सावली.

नियम मला माहीत होता. मी तो आदल्या संध्याकाळी दोनदा वाचला होता. प्रत्येक प्रवाशाचं नाव. मी सांगायला हवं होतं, साहेब, हे असं चालणार नाही. तिथे, तेव्हा, गाडी सुटायला सहा मिनिटं असताना दुसरं तिकीट काढता आलं असतं. पण मी गप्प राहिलो. भीतीने नव्हे, साहेबांना मी काय भिणार, माझं पेन्शन सुरू आहे. गप्प राहिलो ते गमतीसाठी. पाच ओळींतला तो एक माणूस पाहून मला मनातून इतकी मजा वाटली, की घरी गेल्यावर ही गोष्ट कशी सांगायची, कोनशिलेचा दाखला कुठे घालायचा, हे मी जुळवायलाही लागलो होतो. माझ्यासारख्या वाचलेल्या माणसाचा हा रोग आहे. भपका दिसला की आम्ही मनातल्या मनात एक चांगलं वाक्य करतो आणि आपलं काम झालं असं समजतो.

गाडीत बाई खिडकीशी बसल्या. बाहेर शेतं, मधूनच रांगेत लावलेलं जंगल. त्या म्हणाल्या, हे लोक झाडाले बी ओळीत उभं करतेत. त्यांच्या मांडीवर एक डबा होता. त्यात चारोळी, त्यांनी स्वतः जंगलातून वेचून आणलेली, स्वतः फोडलेली. चारोळी फोडणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. म्हातारबाबांसाठी होती ती. साहेबांच्या पिशवीत शाल होती, बांबूचं सन्मानचिन्ह होतं, जिल्ह्याचं माहितीपत्रक होतं. साहेब म्हणाले, डबा पण यातच ठेवा, एकत्र देऊ. बाईंनी दिला.

अर्ध्या तासाने तिकीट तपासनीस बाई आल्या. आखूड पांढरे केस, शांत चेहरा. साहेबांनी बिल्ला सरळ केला आणि तिकीट दिलं. त्यांनी ते वाचलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग इंग्रजीत विचारलं, बाकीचे दोघे कुठे आहेत?

त्यांनी पाच ओळी म्हणजे पाच माणसं धरली होती. आम्ही तिघं दिसत होतो. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही का? ती साहेबांची एम.एस्सी. होती. तिसऱ्या ओळीसाठी त्या बाईंकडे वळल्या. ते साहेबांचं पद होतं. हा इथवरचा भाग मी चंद्रपुरात सांगतो आणि लोक डोळे पुसतात.

साहेबांनी समजावलं. ते समजावणं बराच वेळ चाललं, त्यात जिल्ह्याचं क्षेत्रफळही आलं. तपासनीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटच्या ओळीवर नखाने टिचकी मारली. 'इतर' हे नाव नाही, असं त्या म्हणाल्या. आवाज न चढवता, पाढा सांगावा तसं. मी म्हटलं, आम्ही आमची नावं आता लिहितो. त्यांनी तिकीट माझ्यापुढे धरलं. लिहायला जागाच नव्हती. समासात, मागच्या बाजूला, कुठेतरी लिहू द्या, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, नियम प्रवासाआधीचा आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या की त्या दंड करणार नाहीत, पण ज्यांचं नाव नाही त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून आपलं तिकीट काढावं. तपासनीस बाईंचं काही चुकलं नाही. त्या सबंध दिवसात फक्त त्यांनीच आमची नावं विचारली.

पुढचं स्टेशन चार मिनिटांवर होतं. मी उठलो. बाईही उठल्या. साहेब बसूनच राहिले. मला वाटलं, पिशवी सावरतायत. मी म्हटलं, चला साहेब, स्टेशन आलं.

ते म्हणाले, "तुम्ही दोघं या मागच्या गाडीने. कुणीतरी वेळेवर पोचलं पाहिजे. मी उतरलो तर शिष्टमंडळच उतरलं."

मी उभा होतो. गाडी मंदावत होती. बाईंनी मला विचारलं, साहेब काऊन उठून नाई राह्यले? मी भाषांतर केलं. मराठीचं मराठीत. साहेबांचं नाव तिकिटावर आहे, ते पुढे जातील, आपण मागून. बाईंनी साहेबांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "प्रश्न तर माह्याजवळ हायेत."

साहेबांनी हात हलवला. ते सगळं बघून घेईन असा हात होता तो. दार उघडलं, आम्ही उतरलो, दार मिटलं. पिशवी आत होती. चारोळीचा डबा आत होता.

स्टेशन म्हणजे एक फलाट, एक छप्पर, एक यंत्र. वेळापत्रकात पाहिलं तर तिथे दर दोन तासांनी गाडी थांबत होती. नऊ पन्नासला आम्ही उतरलो, पुढची अकरा पन्नासला. ती पोचणार बारा अठ्ठेचाळीसला, आणि चालत पंधरा मिनिटं म्हणजे एक वाजून तीन मिनिटं. मी हे गणित तीनदा केलं. दरवेळी ते एक वाजून तीन मिनिटंच आलं.

यंत्रापुढे उभं राहून मी बाईंना स्पष्ट सांगितलं. दोन तिकिटं आहेत. एक परत शहरात जाण्याचं, अर्ध्या तासात उलटी गाडी आहे, हॉटेलात जाऊन जेवता येईल. दुसरं पुढचं, पण पुढे गेलो तरी म्हातारबाबा निघून गेलेले असतील. ते ठरल्या वेळेचे लोक आहेत. कोणतं काढू?

बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तिथं बसून काय करू, हॉटेलात? मग म्हणाल्या, पुढचं काढा. न भेटले तर जंगल तर दिसन.

सामाईक तिकीटच काढलं, दोघांचं. पाच ओळी पुन्हा समोर आल्या. मी पेन बाईंकडे दिलं. त्यांनी पहिल्या ओळीत, बोटाने अंतर धरत, देवनागरीत आपलं नाव लिहिलं. मी खाली इंग्रजीत तेच लिहिलं, तिसऱ्या ओळीत माझं. दोन ओळी रिकाम्या राहिल्या. जगात दोन ओळी रिकाम्या राहू शकतात हे बघून मला भयंकर राग आला. इतका, की मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. साहेबांवर होता तसा माझ्यावरही होता. सहा मिनिटं होती माझ्याजवळ फलाटावर. त्या सहा मिनिटांत मी एक वाक्य घडवत बसलो.

साहेबांना तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळेनंतर निरोप आला: बैठक उत्तम सुरू आहे. काळजी नसावी.

मग मी बाईंना सांगून टाकलं. म्हणालो, साहेब चुकीचं लिहून राह्यले हे मले दिसत होतं, नियम मले माहीत होता, मी बोललो नाही. "तुमी तं दुभाषा होते न, सर," त्या म्हणाल्या. दोन तास त्यांनी माझ्याशी जेवणापाण्यापुरतंच बोलणं ठेवलं, आणि ते योग्यच होतं.

एक वाजून चार मिनिटांनी आम्ही त्या खेड्यातल्या लाकडी सभागृहाच्या दारात पोचलो. म्हातारबाबा अंगणात बसून बूट चढवत होते. उंच, वाकलेला माणूस, गळ्यात आमची शाल. आत टेबलावर कॉफीचे कप होते, सन्मानचिन्ह होतं, आणि चारोळीच्या डब्याला चिकटपट्टीने माहितीपत्रक डकवलेलं होतं. नंतर कळलं की डबा जिल्ह्याच्या वतीने देण्यात आला. साहेब प्रसन्न होते. त्यांनी दोन तास आपल्या जिल्ह्याच्या योजना सांगितल्या होत्या. म्हातारबाबांना बोलायला जागा मिळाली होती की नाही हे मी विचारलं, तर साहेब म्हणाले, बाबा ऐकून फार प्रभावित झाले.

आम्ही कोण, हे म्हातारबाबांना मी सांगितलं. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, की साहेबांनी सांगितलं होतं, शिष्टमंडळ पूर्ण आलंय. मग त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. त्यांची गाडी अंगणाच्या कडेला उभी होती, शंभर पावलांवर. तिथपर्यंत चला, असं त्यांनी हाताने सुचवलं. तोडीच्या जागी माणसं खोळंबली होती, त्यांना थांबता येत नव्हतं.

शंभर पावलं. चारांतला एक प्रश्न. बाईंनी चालता चालताच निवडला. भाव नाही विचारला, मजुरी नाही, वणवा नाही. म्हणाल्या, "त्याइले विचारा, तोडाले नाई कोन म्हनते?"

मी विचारलं. म्हातारबाबा थांबले. शंभरांतली दहा पावलं तिथेच खर्ची पडली. त्यांनी सांगितलं की आधी गाव बसतं. मग भांडतं. मग वरून सरकारी वनाधिकारी येतो आणि त्याला हवं तेच ठरवतो. पण कागदावर लिहावं लागतं की कुणी नाही म्हटलं, नावानिशी. माझे आजोबा चार वेळा नाही म्हणाले होते, ते म्हणाले, चारही वेळा झाड तुटलं. नाव मात्र अजून आहे.

मी सांगितल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, मग आमच्यासारखंच हाय. म्हातारबाबांना ते सांगितलं तेव्हा तेही हसले, गाडीत बसले, खिडकीतून हात बाहेर काढून बाईंचा हात हातात घेतला आणि गेले. तीन प्रश्न बाईंच्या तोंडात तसेच राहिले.

परतीच्या गाडीत साहेब आमच्या शेजारी नव्हते. त्यांचं तिकीट वेगळं होतं, त्यामुळे ते पुढच्या डब्यात बसले.

गावात परतल्यावर बाईंनी ग्रामसभेत उभं राहून जसं झालं तसं सांगितलं. एक विचारला, तीन राहिले, आणि का राहिले. माझ्या गप्प बसण्यासकट. मी समोर बसलेलो होतो. गावाने माझ्याकडे पाहिलं आणि मला चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर, हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणाहून पत्र आलं. अभ्यासदौरा यशस्वी केल्याबद्दल साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव ग्रामसभेने करून पाठवावा. सोबत अहवालाची प्रत. अहवालाच्या पहिल्या पानावर शिष्टमंडळाची यादी होती: साहेबांचं नाव, पदव्या, पद, खातं आणि, मी शपथेवर सांगतो, व इतर दोन.

मला गावाने बोलावलं ते पत्र वाचून दाखवायला. पत्र मराठीतच होतं, पण ते मराठी वाचायला इंग्रजीचा माणूस लागतो. ग्रामसभा सकाळी चिंचेखाली बसली. एक जाणता माणूस म्हणाला, करून टाका, आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना त्याच्याच टेबलावर पडला हाय, दोन ओळीनं काय बिघडते. बऱ्याच माना हलल्या. त्यात खोटं काही नव्हतं. परवाना अडला तर बांबू पावसापर्यंत पडून राहील आणि सडेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

बाई म्हणाल्या, "माही नाई हाय."

त्या रीतीत याला धमकी समजत नाहीत आणि हट्टही नाही. एक नाही म्हणजे पुन्हा बसायचं. तो जाणता माणूस त्यांना पुन्हा परवान्याबद्दल सांगू लागला, समजुतीने. बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, त्यानं आमचे दोन तास खाल्ले, चारोळी बी देली आपल्या नावानं. आता आमचं नाव बी मांगून राह्यला. बांबू सडला तं मी बी सडलेलाच तोडीन, पन नाई. दुपारपर्यंत बोलणं चाललं. मग त्या जाणत्या माणसानेच डोक्यावरचा शेला झटकला आणि म्हणाला, मग माही बी नाई. एकेक करून सगळ्यांच्या नाही आल्या. अभिनंदनाचा ठराव नामंजूर.

सचिव त्या दिवशी आला नव्हता. वही माझ्यापुढे सरकवण्यात आली. मी ठराव लिहिला, त्याखाली 'नाही म्हणणारे' असं लिहिलं आणि बाईंचं नाव घातलं. मग सवयीने, तीस वर्षांच्या सवयीने, पुढे स्वल्पविराम देऊन पेन 'व' वर टेकवलं. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वहीवर हात ठेवला.

म्हणून मी सगळी नावं लिहिली. माणसं एकेक पुढे येत होती, आपलं, बापाचं किंवा नवऱ्याचं, पाड्याचं नाव सांगत होती, काही जण मी नीट लिहिलं का ते वाकून पाहत होते. चाळिसाच्या पुढे गेल्यावर माझा अंगठा दुखायला लागला. पान भरलं, दुसरं भरलं. परवाना अजून त्याच टेबलावर आहे, आज हे लिहितानाही. त्या दिवशी मात्र मी बाईंना एवढंच म्हणालो, की जरा थांबू का, हात भरून आलाय.

"साहेबाच्या एका नावाले पाच ओळी लागल्या न, सर," त्या म्हणाल्या. "आमाले एकेकच पुरते. लिहा."